नाकातून पिट्युटरीपर्यंत: कवटीच्या तळाच्या खुणा कशा ओळखायच्या आणि हात कुठे थांबवायचा

आमच्या युनिटला नवीन रेसिडेंट आला की पहिल्या आठवड्यात मी त्याच्या हातात स्कोप, म्हणजे नाकात घालायची दुर्बीण, देत नाही, कवटी देतो. पोरं जरा हिरमुसतात, कारण यूट्यूबवर सगळ्यांनी पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, एंडोस्कोपिक ऑपरेशनचे चार व्हिडिओ बघितलेले असतात आणि ते बघताना सगळं सोपंच वाटतं, स्कोप आत जातो, सेला (पिट्युटरी बसते तो हाडाचा खड्डा) उघडतो, ट्यूमर बाहेर येतो, संपलं. व्हिडिओत न दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ऑपरेशन करणारा प्रत्येक पावलाला मनात कुठली खूण मोजत होता. हा लेख त्या मोजणीबद्दल आहे. ईएनटी आणि न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंटसाठी लिहितोय, नाकाच्या सायनसचं रोजचं काम करणाऱ्यांनाही अर्ध्याहून जास्त भाग उपयोगी पडेल. हे वाचून कोणी डिसेक्शन टाळू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: ओळखीच्या हाडावरून अनोळखी हाडाकडे जायचं, आणि एकट्या खुणेवर कधी भरवसा ठेवायचा नाही. दोन खुणा जुळल्या तर पुढे, तीन जुळल्या तर आणखी बरं, आणि एक जरी विसंगत निघाली तर हात बाहेर काढून परत पहिल्या खुणेपासून सुरुवात.

पायरी १: कवटी, टॉर्च, उदबत्तीची काडी आणि लाल लोकर

फर्स्ट एमबीबीएसला घेतलेला बोनसेट कोणाकडे तरी पडलेला असतोच, नाहीतर अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटमधून तासभर मागून घ्या. वरची टोपी कापलेली कवटी हवी. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च खालून नाकाच्या पोकळीत धरून वरून आत बघा. मधोमध क्रिस्टा गॅली या हाडाच्या उभ्या कंगोऱ्याच्या दोन्ही बाजूंना क्रिब्रिफॉर्म प्लेट असते, नावाप्रमाणे ती खरोखर चाळणीच आहे, भोकाभोकांतून उजेड येतो. पण बघायची गोष्ट चाळणी नाहीये, चाळणीची बाहेरच्या बाजूची उभी भिंत आहे, लॅटरल लॅमेला. तिथून उजेड कसा येतो बघा, हाड असूनही नसल्यासारखं. संपूर्ण कवटीच्या तळातलं सगळ्यात पातळ हाड हेच, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचं, आणि सायनसच्या ऑपरेशनमध्ये मेंदूचं पाणी गळायला लागतं ते बहुतेक वेळा इथूनच. तिच्या बाहेर फोव्हिया एथमॉइडालिस, म्हणजे एथमॉइडचं (दोन डोळ्यांमधल्या सायनसचं) छप्पर, तो फ्रंटल हाडाचा भाग आहे आणि बराच जाड आहे, तिथे टॉर्चचा प्रकाश मंद होतो. म्हणून नियम असा की छपराजवळ काम करताना हत्याराचं तोंड बाहेरच्या बाजूला, मध्याकडे वळवायचं नाही.

आता टॉर्च डोळ्याच्या खोबणीत धरा. नाक आणि डोळा यांच्यामधली भिंत, लॅमिना पॅपिरेशिया, पापडासारखी उजळून निघते. एक छोटी पट्टी घ्या आणि खोबणीच्या आतल्या भिंतीवर पुढच्या लॅक्रिमल क्रेस्टपासून (अश्रुपिशवीजवळची हाडाची कड) मागे मोजत जा: साधारण २४ मिलिमीटरवर अँटिरिअर एथमॉइडल धमनीचं छिद्र, तिथून १२ वर पोस्टिरिअरचं, आणि तिथून फक्त ६ मिलिमीटरवर ऑप्टिक कॅनाल, म्हणजे नजरेच्या नसेचा बोगदा. २४-१२-६ हे पाठ सगळ्यांचं असतं पण स्वतः पट्टी लावून ते शेवटचे ६ मिलिमीटर बघितले की पोटात जे होतं ते पाठांतराने होत नाही. हे आकडे सरासरीचे आहेत हेही लक्षात ठेवा, तुमच्या हातातली कवटी वेगळी निघू शकते, आणि तोच मुद्दा आहे.

मग लाल लोकर. कवटी उलटी करा, जुग्युलर फोरामेनच्या लगेच पुढे कॅरोटिड कॅनालचं गोल तोंड आहे, त्यात लोकरीचा धागा घाला. धागा वर जातो, काटकोनात वळून पुढे आणि मध्याकडे येतो, आणि पेट्रस हाडाच्या टोकाला फोरामेन लॅसेरमच्या वरून बाहेर निघतो. तिथून तो स्फेनॉइडच्या (सेला ज्याच्यावर आहे त्या मधल्या हाडाच्या) अंगाला चिकटवून वर, मग पुढे, मग परत वर असा अँटिरिअर क्लिनॉइडच्या आतल्या बाजूला आणा, मेण लावा नाहीतर सेलोटेप. ही तुमची इंटर्नल कॅरोटिड, मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी. आता पुढून उदबत्तीची काडी घ्या, टेरिगॉइडच्या (स्फेनॉइडच्या खाली उतरणाऱ्या फाट्याच्या) मुळाशी फोरामेन रोटंडमच्या खाली आणि आतल्या बाजूला व्हिडियन कॅनालचं तोंड आहे, त्यात काडी सारा. काडी मागे जाऊन थेट लाल लोकरीला भिडते! हे एकदा स्वतः केलं की या कॅनालमधून जाणारी व्हिडियन नर्व्ह ही कॅरोटिडची खूण का आहे हे आयुष्यात विसरत नाही. हाच धडा पुस्तकातून घ्यायला मला दोन वर्षं लागली होती.

अजून एक. वरून अँटिरिअर क्लिनॉइड बघा, ते दोन पायांवर उभं असतं, वरचा पाय म्हणजे ऑप्टिक कॅनालचं छप्पर आणि खालचा पाय म्हणजे ऑप्टिक स्ट्रट. स्फेनॉइड सायनसची हवा या खालच्या पायात शिरली की सायनसच्या आतून तो एक खळगा म्हणून दिसतो. त्या खळग्याला लॅटरल ऑप्टिकोकॅरोटिड रिसेस म्हणतात, आणि पुढे सगळा खेळ त्याच्यावर आहे.

पायरी २: सीटी स्वतः वाचा, रिपोर्ट नंतर

रेडिऑलॉजिस्टच्या रिपोर्टवर माझा राग नाही, पण तो रिपोर्ट आजार शोधायला लिहिलेला असतो आणि तुम्हाला हवा आहे रस्ता. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप हवेत आणि तिन्ही प्लेन (समोरून कोरोनल, आडवे अ‍ॅक्सिअल, बाजूने सॅजायटल) हवेत. फिल्मवर छापलेले वीस चौकोन बघून कवटीच्या तळाचं ऑपरेशन करू नका, सीडी मागवा, कॉम्प्युटरवर स्क्रोल करा.

कोरोनलमध्ये पुढून मागे जा. पहिलं, क्रिब्रिफॉर्म किती खोल आहे. झाग्रेबच्या प्रेड्राग केरोस यांनी १९६२ मध्ये दिलेलं वर्गीकरण आजही चालतं: खोली १ ते ३ मिलिमीटर असेल तर टाइप एक, ४ ते ७ असेल तर दोन, ८ ते १६ असेल तर तीन. खोली जितकी जास्त तितकी ती पातळ उभी भिंत उंच, म्हणजे तुमच्या हत्याराला उघडी. पण टाइपपेक्षा मला दोन बाजूंमधला फरक जास्त भीतीदायक वाटतो, कारण डावीकडे एक उंची बघून हात सवयीचा होतो आणि उजवीकडे छप्पर दोन-तीन मिलिमीटर खाली असतं.

दुसरं, लॅमिना पॅपिरेशिया शाबूत आहे का, जुना मार लागून चरबी आत लोंबकळतेय का. तिसरं, अँटिरिअर एथमॉइडल धमनी. मीडियल रेक्टस आणि सुपीरिअर ऑब्लिक हे दोन स्नायू ज्या कापात नीट दिसतात, तिथेच आजूबाजूला खोबणीच्या आतल्या भिंतीला चोचीसारखं टोक आलेलं दिसेल, ती जागा. धमनी हाडात गाडलेली असेल तर चांगलं, पण डोळ्याच्या वर सुप्राऑर्बिटल सेल फुगलेली असेल तर धमनी छपरापासून सुटून दोरीवरच्या कपड्यासारखी खाली लटकते, आणि मग मायक्रोडेब्राइडर या फिरत्या पात्याच्या हत्याराला ते पार्टिशन आणि ती धमनी यातला फरक कळत नाही.

चौथं, मागच्या एथमॉइडची उंची. मॅक्सिलरी सायनसचं छप्पर आणि कवटीचा तळ यांच्यात किती जागा उरलीय ते बघा. तळ पुढून मागे जाताना खाली उतरत जातो हे बरेच जण विसरतात, म्हणून वरच्या बाजूला चिकटून सरळ मागे गेलं की तुम्ही न वळता मेंदूत पोचता. मॅक्सिलरी सायनसच्या छपराची पातळी धरून, त्याच्या वर न जाता मागे गेलं तर स्फेनॉइडमध्ये सुखरूप पोचता येतं.

स्फेनॉइडमध्ये आल्यावर कोरोनलला आडवा पडदा दिसला तर थांबा. उभे पडदे स्फेनॉइडचे असतात, पण आडवा दिसला की वरची खोली बहुतेक वेळा ओनोडी सेल असते, म्हणजे मागची एथमॉइड सेल स्फेनॉइडच्या डोक्यावर चढून बसलेली, आणि ऑप्टिक नर्व्ह तिच्या भिंतीतून जाते. हे माहीत नसेल तर माणूस ओनोडीलाच स्फेनॉइड समजून मागची भिंत सेला म्हणून उघडायला जातो.

अ‍ॅक्सिअलला बघायचं ते स्फेनॉइडमधला पडदा मागे कुठे टेकतोय. बऱ्याच वेळा तो मधोमध नसतोच, तिरका जाऊन कॅरोटिडच्या हाडावर टेकलेला असतो. कॅरोटिडवर हाडाचं कवच आहे की नाही, ऑप्टिकवर आहे की नाही, हेही इथेच. सॅजायटलला सायनस किती हवेशीर आहे ते: सेलाच्या खाली-मागेपर्यंत पोचलेला असेल तर सगळ्या खुणा स्वच्छ दिसतील, सेलाच्या अलीकडेच थांबलेला असेल तर अर्ध्याच दिसतील, आणि कॉन्कल असेल, म्हणजे हवाच नाही नुसतं भरीव हाड, तर ड्रिलने वाट काढावी लागेल आणि नेव्हिगेशनशिवाय (हत्याराचं टोक सीटीवर दाखवणारं मशीन) त्यात पडू नका. लहान मुलांमध्ये असं हाड दिसणं स्वाभाविकच आहे.

एमआरआयच्या टी-टूवर कॅरोटिड काळ्या ठिपक्यासारखी दिसते, दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. काही लोकांत त्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की सेलात जायला बोळच उरत नाही. अ‍ॅक्रोमेगलीच्या (वाढीचं हार्मोन जास्त झालेल्या) पेशंटमध्ये कॅरोटिड वेड्यावाकड्या आणि फुगीर असायची शक्यता जास्त, पूर्वी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेल्यात आणि ब्रोमोक्रिप्टिन हे पिट्युटरीच्या ट्यूमरचं औषध बराच काळ घेतलेल्यात सगळं चिकटलेलं. अशांचा सीटी अँजिओ करून घ्या. आणि सेलातली गोल गाठ दरवेळी ट्यूमरच असेल असं नाही, अ‍ॅन्युरिझमही (धमनीचा फुगा) तिथे बसतो, तो ट्यूमर समजून उघडला तर पुढचं सांगायला नको.

हे सगळं बघून झालं की एका कोऱ्या कागदावर स्केचपेनने चित्र काढा: पडदा कुठे टेकतो, कुठली कॅरोटिड उघडी, कुठल्या बाजूचं छप्पर खाली. कागद ओटीच्या भिंतीवर स्क्रीनशेजारी चिकटवा. चित्र ज्या बाजूने तुम्ही बघणार त्या बाजूने काढा, उलटसुलट झालं तर त्या कागदाने फायद्यापेक्षा नुकसान होईल.

पायरी ३: ओटीत, स्कोप घालायच्या आधी

डोकं १५ ते २० अंश वर. भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा, रक्तस्राव कमी ठेवणारी भूल आणि शांत हृदयगती मिळाली तर अर्धी लढाई जिंकली, कारण लाल चिखलात कुठलीच खूण दिसत नाही. नाकात पॅटीवर (कापसाच्या पट्टीवर) लावायचं अ‍ॅड्रेनालिन १:१००० असतं आणि टोचायचं त्याच्या शंभरपट किंवा दोनशेपट पातळ. हे दोन्ही एकाच ट्रेवर पारदर्शक सिरिंजमध्ये शेजारी-शेजारी कधीही ठेवू देऊ नका. लावायचं ते वाटीत, रंग घालून, आणि सिस्टरना मोठ्याने सांगून.

मांडी धुऊन झाकून तयार ठेवा. चरबी, फॅशिया (स्नायूवरचं आवरण) आणि वेळ आलीच तर स्नायूचा तुकडा तिथूनच येणार, आणि वेळ येते तेव्हा धुवायला वेळ नसतो.

आता नेव्हिगेशनबद्दल. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, हॉस्पिटलचं नाव काढत नाही. रजिस्ट्रेशन (पेशंटचं डोकं आणि सीटी मशीनमध्ये जुळवणं) छान झालं होतं, मशीनने हिरवा रंग दाखवला होता. मग ड्रेप ओढताना कपाळावरचा ट्रॅकर किंचित सरकला, कोणाच्या लक्षात आलं नाही. दीड तासाने स्फेनॉइडमध्ये पॉइंटर ठेवला तर स्क्रीन म्हणतेय तुम्ही मध्यावर आहात, आणि व्होमरचं (नाकाच्या मधल्या पडद्याच्या मागच्या भागाचं) हाड मला डोळ्यांना दिसतंय की मी मध्यापासून चांगला डावीकडे आहे. क्षणभर मोह होतो मशीनवर विश्वास ठेवायचा, लाखो रुपयांचं मशीन आहे शेवटी. मी पॉइंटर काढून नाकाच्या मागच्या दाराच्या, म्हणजे कोअ‍ॅनाच्या वरच्या कडेला टेकवला, स्क्रीनवर तो हवेत दिसला. तेव्हापासून दर टप्प्याला, न चुकता, आधी एका पक्क्या हाडावर पॉइंटर टेकवून मशीनला तपासतो आणि मगच मशीनला काही विचारतो.

पायरी ४: नाकातला रस्ता

पहिली ओळखीची जागा कोअ‍ॅना, म्हणजे नाकाचं मागचं दार. नाकाच्या तळावरून सरळ मागे गेलात की चुकणार नाही. मिडल टर्बिनेट (नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरचा हाडाचा पापुद्रा) हळूच बाहेर सरकवा, वर उचलून पिळू नका, कारण त्याचं वरचं टोक त्या चाळणीच्या पातळ हाडालाच जोडलेलं आहे आणि खाली पिळलं की वर तडकतं. मग सुपीरिअर टर्बिनेट दिसेल. स्फेनॉइडचं तोंड बहुतेकांत याच्या आतल्या बाजूला, खालच्या टोकाजवळ, कोअ‍ॅनाच्या वरच्या कडेपासून साधारण १ ते दीड सेंटिमीटर वर सापडतं. टर्बिनेट, कोअ‍ॅनापासूनचं अंतर आणि मधला पडदा या तीन खुणा एकाच जागी बोट दाखवत असतील तरच प्रोब टेकवा, आणि प्रोब अलगद आत गेला पाहिजे, जोर लावावा लागला तर ते तोंड नव्हे.

तोंड मिळालं की लगेच खाली रुंद करायची घाई होते. तिथेच थांबा. तोंड आणि कोअ‍ॅना यांच्यामधून स्फेनोपॅलाटाइन धमनीची सेप्टल फांदी जाते, तीच नेझोसेप्टल फ्लॅपची (भोक बुजवायला उचलायच्या मधल्या पडद्यावरच्या आवरणाची) नाळ. अर्जेंटिनाच्या रोसारिओमधल्या हदाद आणि बासागास्तेगी यांचा हा फ्लॅप २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नाकातून मोठी ऑपरेशनं करणं खऱ्या अर्थाने त्यानंतर शक्य झालं, त्याआधी पाणी गळण्याचं प्रमाण बघून बऱ्याच लोकांनी हा रस्ता सोडून द्यायची तयारी केली होती. पाणी गळायची शक्यता असेल तर फ्लॅप आधीच उचला, शक्यता कमी असेल तर निदान नाळ जपून खाली सरकवून ठेवा. वरचा छेद पडद्याच्या छतापासून १ ते २ सेंटिमीटर खाली ठेवा, वरचं आवरण वास घेण्याचं आहे. ऑपरेशन उत्तम झालं पण पेशंट म्हणतो फोडणीचा वास येत नाही, हे ऐकायला बरं नाही वाटत.

पायरी ५: स्फेनॉइडचा दरवाजा

नाकाच्या मधल्या पडद्याचा मागचा भाग काढला की समोर स्फेनॉइडचा रोस्ट्रम दिसतो, होडीच्या नाळेसारखा पुढे आलेला, आणि व्होमर त्याला खालून कवेत घेऊन बसलेलं. मध्य ठरवायची सगळ्यात प्रामाणिक खूण हीच. ती पूर्ण खोडून टाकू नका, खालचा थोडा भाग राखून ठेवा, आत गेल्यावर दिशा हरवली की बाहेर येऊन परत तिथूनच बघायचं असतं.

आतले पडदे काढताना नियम एकच: चावायचं, पिळायचं नाही. सीटीत बघितलं ना पडदा कॅरोटिडवर टेकलाय, मग तो फोर्सेप्सने धरून पिरगाळला तर मुळाशी कॅरोटिडचं कवच तडकतं, कधीकधी कवचाचा टोकदार तुकडा धमनीत घुसतो. कापणारा फोर्सेप्स किंवा डायमंड बर वापरा आणि मुळाचा शेवटचा तुकडा राहिला तर राहू द्या.

पायरी ६: आतली चौकट

स्फेनॉइड उघडून पाण्याने स्वच्छ केला की जे दिसतं ते मी पोरांना जुन्या वाड्याच्या दरवाजासारखं बघायला सांगतो. मधोमध फुगलेलं दार म्हणजे सेलाचा तळ. खाली उंबरठा, तो क्लायव्हसचा (सेलामागून खाली उतरणाऱ्या हाडाचा) खळगा. दोन्ही बाजूंच्या उभ्या चौकटी म्हणजे कॅरोटिडचे फुगवटे. वर गणेशपट्टी, ती ट्युबर्क्युलम, आणि तिच्याही वर पुढे पसरलेलं माळवद म्हणजे प्लॅनम. गणेशपट्टी आणि चौकट जिथे कोपऱ्यात भेटतात तिथून ऑप्टिक नर्व्हचा फुगवटा तिरका बाहेरच्या दिशेने जातो. आणि ऑप्टिक वर, कॅरोटिड खाली, त्यांच्यामधला खळगा म्हणजे आपला लॅटरल ऑप्टिकोकॅरोटिड रिसेस, बोनसेटवर बघितलेला तो खालचा पाय, आता आतून.

दोन्ही बाजूंचे खळगे सापडेपर्यंत सेलाला हात लावू नका. एकच सापडला तर दुसऱ्या बाजूला आवरण काढा, कोनाचा स्कोप घ्या, शोधा. सायनसमध्ये हवाच कमी असेल तर खळगा मिळणार नाही, मग व्होमरचा मध्य, तपासलेलं नेव्हिगेशन आणि मायक्रोडॉपलर (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारा प्रोब) या तिघांवर जायचं. डॉपलरचा तो ‘शूऽ शूऽ’ आवाज ऐकायला सगळी ओटी एकदम गप्प होते. ड्युरा (मेंदूचं जाड आवरण) कापायच्या आधी दोन्ही बाजूंना तो ऐकलाच पाहिजे, एरवी सगळं कितीही स्पष्ट दिसत असलं तरी.

पायरी ७: दार उघडताना

हाड ड्रिलने अंड्याच्या टरफलाइतकं पातळ करा, मधून सुरुवात करून बाहेर जा, केरिसन या हाड चावणाऱ्या हत्याराचा पाय ड्युराला चिकटलेला नाही ना ते दर घासाला बघा. बाजूला निळसर झाक दिसायला लागली की कॅव्हर्नस सायनस, म्हणजे सेलाच्या बाजूची रक्ताची पोकळी, आला. ड्युरा मधोमध कापा, वरच्या-खालच्या कडेला दोन्ही कॅव्हर्नस सायनसना जोडणाऱ्या शिरा असतात, त्यातून काळं रक्त येईल, ते दाबून आणि थांबून थांबतं, घाबरून जाळत सुटू नका.

पिट्युटरी हरभऱ्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नॉर्मल ग्रंथी पिवळसर-नारिंगी आणि घट्ट, अ‍ॅडिनोमा (पिट्युटरीचा ट्यूमर) बहुतेक वेळा करडा-पांढरा आणि मऊ. काढायचा क्रम खालून, मग बाजूंनी, आणि वरचा शेवटी. वरचा आधी काढला तर डायफ्रॅम, म्हणजे सेलाच्या छताचा पडदा, छत्री मिटल्यासारखा खाली पडतो आणि बाजूचे कोपरे झाकून टाकतो. बाजूला क्युरेट फिरवताना लक्षात ठेवा की कॅव्हर्नस सायनसची आतली भिंत अगदी तलम आहे, तिच्यापलीकडे कॅरोटिड, तिच्या बाहेरच्या अंगाला सहावी नस सायनसच्या आतच, आणि तिसरी, चौथी आणि पाचवीच्या वरच्या दोन फांद्या बाहेरच्या भिंतीत. वर डायफ्रॅमच्या पलीकडे सुपीरिअर हायपोफिजियल धमन्यांच्या बारीक फांद्या ऑप्टिक कायझमला (नजरेच्या दोन्ही नसा मिळतात ती जागा) रक्त देतात, केसासारख्या दिसतात म्हणून क्षुल्लक समजू नका, त्या गेल्या तर नसेला धक्का न लावताही नजर जाते.

सेलाच्या पलीकडे, क्लायव्हस किंवा पेट्रसच्या टोकाकडे जायचं असेल तर व्हिडियन धरून मागे जायचं, आणि ड्रिल कॅनालच्या खालच्या आणि आतल्या बाजूने, वर-बाहेर नाही. कारण बोनसेटवर बघितलंच आहे, काडी लोकरीला भिडते.

इथे थोडं विषयांतर. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या पेशंटांनी महाराष्ट्रभरातले ईएनटी वॉर्ड भरले तेव्हा आम्हाला सगळ्यांना एक गोष्ट शिकावी लागली: बुरशीने टर्बिनेट खाल्लेले, पडदा काळा पडलेला, पुस्तकातली एकही खूण जागेवर नाही. तेव्हा कोअ‍ॅनाची कड, नाकाचा तळ आणि मॅक्सिलरी सायनसचं छप्पर या तीनच गोष्टी बहुतेकांत शिल्लक असायच्या आणि त्यांच्यावरच आम्ही मागे जायचो. दुसऱ्यांदा ऑपरेशन होणाऱ्या पेशंटलाही हेच लागू आहे.

पायरी ८: बिघडलं तर

कॅरोटिड फुटली तर स्क्रीन एका सेकंदात लाल होते आणि मग काही सुचत नाही, म्हणून कोण काय करणार हे ऑपरेशनच्या आधी ठरवा. दोघांनी मिळून काम: एकाने जाड सक्शन रक्ताच्या झोतावर धरायचं, दुसऱ्याने स्कोप दुसऱ्या नाकपुडीतून पडद्याच्या आडोशाने आणायचा म्हणजे काच लाल होत नाही. मांडीचा स्नायू घ्या, दोन वाट्यांच्या मध्ये चेचा आणि जागेवर दाबून धरा, काही मिनिटं हलवू नका. अ‍ॅडलेडच्या (ऑस्ट्रेलिया) ईएनटी सर्जन वर्मल्ड यांच्या टीमने मेंढ्यांवर प्रयोग करून चेचलेल्या स्नायूची ही पद्धत नीट तपासली आहे. भूलतज्ज्ञांनी बीपी खाली पाडायचं नाही, कारण त्या बाजूच्या मेंदूला आता दुसऱ्या कॅरोटिडचाच आधार आहे, रक्त भरत राहायचं. पॅक इतकाही घट्ट नको की धमनी पूर्ण बंद होईल. रक्त थांबलं तरी पेशंट थेट अँजिओग्राफीला, आणि काही दिवसांनी परत, कारण फुटलेल्या जागी खोटा अ‍ॅन्युरिझम तयार होऊन आठवड्यांनंतरही तो फुटू शकतो. तुमच्याकडे कॅथलॅब आणि इंटरव्हेन्शनचा माणूस नसेल तर कॅरोटिडला चिकटलेली केस तुमच्याकडे करायचीच का, हा प्रश्न आदल्या आठवड्यात विचारायचा.

एथमॉइडल धमनी कापली गेली तर ती रबरासारखी खोबणीत आखडते आणि डोळ्यामागे रक्त साठतं. म्हणून ड्रेप करताना डोळे कधीही झाकू नका. डोळा दगडासारखा कडक, बाहेर आलेला, बाहुली मोठी, असं दिसलं की नाकातला पॅक काढा आणि टेबलवरच लॅटरल कँथॉटोमी आणि कँथोलायसिस (डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब सोडणं) करा. सीटीला पाठवायचं नाही, रेटिनाला फार तर तास-दीड तासाची मुदत असते. बाहेरून अगदी रानटी वाटणारी ही दोन मिनिटांची प्रोसिजर प्रत्येक रेसिडेंटला एकट्याने करता आली पाहिजे.

मेंदूचं पाणी दिसलं तर नंतर बघू म्हणून सोडून देऊ नका, तिथेच दुरुस्त करा. खाली फॅट किंवा फॅशिया, वर फ्लॅप, आणि फ्लॅपची ओली बाजू नाकाकडे. उलटा बसला तर आवरण आत गाडलं जाऊन पुढे म्युकोसील, म्हणजे शेंबडाची गाठ, होतो. फ्लॅपच्या खालचं हाडावरचं आवरण पूर्ण खरवडून काढायला विसरू नका.

वॉर्डात

जाग आल्या आल्या दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासा, बोटं मोजायला लावा, वेळ लिहून ठेवा. लघवी तासाला किती, सोडियम किती, कॉर्टिसॉलचं एंडोक्रायनॉलॉजिस्टशी बोलणं झालंय का. पहिल्या दोन दिवसांत लघवी बेसुमार होऊ शकते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आठवड्याच्या आसपास सोडियम उलटं खाली येतं हे विसरतात, तोवर पेशंट घरी गेलेला असतो. घरचे फोन करतात, बाबा झोपाळू झालेत, उलटी होतेय, आणि आपल्याकडून उत्तर जातं की अ‍ॅसिडिटी असेल. म्हणून डिस्चार्ज कार्डावरच सोडियमची तारीख लिहून द्या.

पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं थेंब थेंब आलं, चव खारट लागली, तर ते सर्दीचं पाणी समजू नका, बीटा-टू ट्रान्सफेरिनला (मेंदूच्या पाण्यातलं प्रोटीन शोधणारी तपासणी) पाठवा. नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, संडासला जोर लावायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. हे पेशंटला सांगितल्यावर तो मान डोलावतो आणि विसरतो, सोबत आलेल्या वहिनींना किंवा मुलीला सांगा, त्या बरोबर लक्ष ठेवतात.